नजरेसमोरची मोटारसायकल का दिसत नाही?

मोटारसायकल आणि मोटार यांची चौकात टक्कर झाली, की मोटारचालकाच्या जबाबात एक वाक्य हमखास सापडते : ‘दोन्ही बाजूंना बघितलं होतं, पण गाडी दिसलीच नाही.’ ऐकणाऱ्याला ही सबब वाटते. पुष्कळदा ती सबब नसते. माणसाचा डोळा, त्यामागचा मेंदू आणि एकाच दिव्याचे अरुंद वाहन यांची गाठ पडली, की अगदी समोरची वस्तूही निसटते. ती कशी निसटते, हे आता बऱ्यापैकी उलगडले आहे.

या विषयाचा पाया हॅरी हर्ट यांनी घातला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या त्यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली आणि आणखी ३,६०० अपघातांचे पोलिस अहवाल तपासले. हर्ट मूळचे विमानविद्येतले. अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांसाठी त्यांनी लिहिलेले वायुगतिकीचे पाठ्यपुस्तक अजून वापरात आहे. विमान कोसळल्यावर जशी कसून चौकशी होते, तशीच त्यांनी रस्त्यावरच्या घसरटीच्या खुणांची आणि फुटलेल्या दिव्यांची केली. १९८१ साली त्यांचा अहवाल आला. सुमारे तीन चतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाशी टक्कर होऊन घडले होते, आणि अशा टकरींपैकी दोन तृतीयांशांत दुसऱ्या वाहनाच्या चालकाने मोटारसायकलचा पुढे जाण्याचा हक्क डावलला होता. कारण मुख्यतः एकच, तिची दखलच घेतली गेली नव्हती. टकरीआधीचा वेग अर्ध्या अपघातांत ताशी ४८ किलोमीटरच्या आतच होता. धोका लक्षात आल्यापासून टक्कर होईपर्यंत स्वाराला साधारणपणे दोन सेकंदही मिळाले नव्हते.

न दिसण्याचे पहिले कारण डोळ्यातच आहे. दृष्टिपटलाच्या मध्यभागी जेमतेम दोन अंशांच्या टापूत माणसाला बारकावे दिसतात. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढाच हा टापू. साठ मीटरवरची मोटारसायकल त्या नखाचा एक तृतीयांश भाग व्यापते. बाकीचा सारा रस्ता धूसर असतो आणि तो स्पष्ट करण्यासाठी डोळा सेकंदाला साधारण तीन उड्या मारतो. उडी चालू असताना मेंदू दृश्य दाबून टाकतो. आरशासमोर उभे राहून आधी स्वतःच्या डाव्या आणि मग उजव्या डोळ्यात पाहिले, तर डोळे हलताना कधीच दिसत नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते स्पष्ट दिसतात. एर्डमान आणि डॉज या दोन संशोधकांनी १८९८ मध्येच ही गोष्ट नोंदवली होती.

याच शोधावरून ‘डोळ्याच्या उडीत अख्खी मोटारसायकल गायब होते’ असा संदेश मोबाइलवर फिरत असतो. तो जसाच्या तसा स्वीकारण्याजोगा नाही. उडी सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकते. तेवढ्यात ताशी ६० किलोमीटरची मोटारसायकल दीडेक मीटर पुढे जाते, एवढेच. खरी अडचण उडीपेक्षा थांब्यांची आहे. घाईतला चालक मान गरकन फिरवतो, त्याची नजर दोन-तीन जागीच टेकते आणि मोटारसायकल त्या थांब्यांच्या मधल्या जागेत राहून जाते.

नजर तिच्यावर टेकली तरी काम झाले असे नाही. ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगात रस्त्याचे छायाचित्र दाखवून परिस्थिती सुरक्षित आहे का, एवढेच विचारले. चित्रात अनपेक्षितपणे असलेली टॅक्सी ३१ टक्के लोकांच्या ध्यानात आली नाही. त्याच जागी मोटारसायकल ठेवली तेव्हा ती ६५ टक्क्यांच्या ध्यानात आली नाही. मानसशास्त्रज्ञ जेरेमी वुल्फ यांच्या २००५ च्या प्रयोगाने यामागचा एक धागा दाखवला. सामान-तपासणीसारख्या कामात शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असेल तर ७ टक्के वेळा निसटते. शंभरात एकदाच असेल तर ३० टक्के वेळा. क्वचित भेटणारी वस्तू शोधणे मेंदू लवकर सोडून देतो.

हे स्पष्टीकरण महाराष्ट्रात मात्र जपून वापरायला हवे. हे प्रयोग दुचाकी तुरळक असलेल्या देशांतले आहेत. पुण्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या मोटारचालकाला दुचाकी दुर्मीळ कशी असेल? तिच्या त्या जागी असण्याची अपेक्षा नसते, हे इथले दुखणे. गल्लीतून मुख्य रस्त्यावर डावीकडे वळणारा चालक फक्त उजवीकडे पाहतो, कारण वाहतूक तिकडूनच येते. उलट्या दिशेने, रस्त्याच्या कडेने येणारा स्वार त्याच्या डावीकडून येतो आणि थेट बंपरसमोर उगवतो. बसच्या मागे चिकटून येणाऱ्या स्वाराचेही तसेच. बस गेली की रस्ता मोकळा झाला, असे धरून समोरची मोटार उजवीकडे वळते.

नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या २०१९ मधल्या अभ्यासाने आणखी एक कारण पुढे आणले. चालकांना वाहनचालनाच्या सिम्युलेटरमध्ये बसवून त्यांच्या नजरेचा माग घेतला, तेव्हा काहींनी येणारी मोटारसायकल पाहिली होती. दुसऱ्या बाजूला पाहून होईपर्यंत ते ती विसरले होते. यावर संशोधकांनी सुचवलेला उपाय अगदी साधा आहे. दुचाकी दिसली की तोंडाने ‘बाइक’ म्हणायचे. उच्चारलेला शब्द पाहिलेल्या दृश्यापेक्षा जास्त वेळ ध्यानात टिकतो.

मोटारीचा छताला आधार देणारा पुढचा खांबही मोठा गुन्हेगार आहे. तो बारा सेंटिमीटर जाड आणि डोळ्यापासून ६५ सेंटिमीटरवर असेल, तर ३० मीटरवर अडीच मीटर रुंदीचा पट्टा दोन्ही डोळ्यांना मिळूनही दिसत नाही. मोटारसायकल त्या पट्ट्यात सहज मावते. ती लगेच बाहेर का येत नाही, याचे उत्तर खलाशांना फार पूर्वीपासून माहीत आहे. दुसऱ्या जहाजाची दिशा बदलत नसेल आणि अंतर कमी होत असेल, तर टक्कर अटळ असते. छेदणाऱ्या रस्त्यांवरून एकाच वेळी चौकात पोहोचणारी दोन वाहने एकमेकांना सतत त्याच कोनात दिसतात. म्हणजे जी मोटारसायकल धडकणार आहे, नेमकी तीच खांबाआड टिकून राहते. सुज्ञ चालक म्हणूनच चौकात खांबाच्या पुढून-मागून डोकावून पाहतो.

यापुढचा प्रश्न सर्वांत सुरेख आहे. मोटारसायकल दिसली, ती किती वेळात पोहोचेल, हे डोळा कसे ठरवतो? अंतर माहीत नाही, वेगही माहीत नाही. १९७६ मध्ये एडिंबरो विद्यापीठाच्या डेव्हिड ली यांनी दाखवले की, दोन्हींची गरजच नाही. डोळ्यातली प्रतिमा किती झपाट्याने मोठी होते आहे, तेवढे पुरते. एका सेकंदात ती ५ टक्क्यांनी वाढली, तर वस्तू साधारण २० सेकंदांत पोहोचेल. पुढे ली यांनी समुद्रात सूर मारणारे गॅनेट पक्षी पंख नेमके कधी मिटतात, हेही याच सूत्राने तपासले.

हेच सूत्र ली यांच्या एकोणीस वर्षे आधी एका कादंबरीत छापले गेले होते! खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्या ‘द ब्लॅक क्लाउड’ या १९५७ च्या विज्ञान कादंबरीत एक काळा ढग सूर्यमालेकडे येतो. ढगाचे अंतर आणि वेग ठाऊक नसताना, छायाचित्रांतला त्याचा आकार किती वाढला एवढ्यावरून शास्त्रज्ञ त्याच्या आगमनाचा काळ काढतात. हॉईल यांनी ते गणितच वाचकापुढे मांडले आहे. केंब्रिजमध्ये जयंत नारळीकरांना घडवणारे गुरू ते हेच. रस्ता-सुरक्षेच्या पुस्तकांत त्यांचे नाव शोधूनही सापडणे कठीण. खरे तर ते पहिल्या प्रकरणात असायला हवे.

या सूत्राला एक मर्यादा आहे. प्रतिमेची वाढ सेकंदाला साधारण अंशाच्या सहाव्या भागाहून कमी असेल, तर माणसाला ती जाणवतच नाही. ताशी ६० किलोमीटरने येणाऱ्या १.७ मीटर रुंद मोटारीची वाढ सुमारे ९७ मीटरवरून जाणवू लागते. ७० सेंटिमीटर रुंद मोटारसायकलची ६२ मीटरवरून. रात्री दिसतो तो १५ सेंटिमीटरचा एकटा दिवा, आणि त्याची वाढ जाणवते केवळ २९ मीटरवर. तोपर्यंत तो दिवा जागच्या जागी स्थिर भासतो. लंडन विद्यापीठाच्या रॉयल होलोवे महाविद्यालयातील २०१२ च्या प्रयोगांत हेच आढळले. अंधारात एका दिव्याच्या मोटारसायकलचा वेग लोकांना नीट ओळखता येईना. पुढे तीन दिवे त्रिकोणात लावले की अंदाज सुधारला. म्हणून डोळे दिपवणारा एकच प्रखर एलईडी दिवा बसवण्याचे वेड चुकीचे आहे. उजेड वाढवून वेग कळत नाही. तो दिव्यांमधल्या अंतराने कळतो.

दिवसा दिवा चालू ठेवण्याचा फायदा मात्र निर्विवाद आहे. मलेशियाने १९९२ मध्ये तो बंधनकारक केला आणि मोटारसायकल न दिसल्यामुळे होणारे अपघात २९ टक्क्यांनी घटले. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा आपोआप चालू राहतो. कपड्यांबाबत ऑकलंडमधला २००४ चा अभ्यास बोलका आहे : चमकदार किंवा प्रकाश परावर्तित करणारे कपडे घालणाऱ्यांना इजेचा धोका ३७ टक्के कमी होता, काळ्याऐवजी पांढरे हेल्मेट घालणाऱ्यांना २४ टक्के कमी. रंगाइतकीच पार्श्वभूमीही महत्त्वाची असते. उन्हात चमकणाऱ्या पिवळ्या भिंतीसमोर पिवळे जाकीट हरवून जाते.

चौकाजवळ मोटारसायकल नागमोडी चालवली की ती समोरच्याला दिसते, असाही सल्ला दिला जातो. तर्क पटण्याजोगा आहे, पण गर्दीच्या रस्त्यावर मागून येणाऱ्या वाहनाच्या धोक्याची त्यात भर पडते. आपल्याच पट्ट्यात वेळेवर थोडे बाजूला सरकणे पुरेसे. चालकाशी नजरानजर झाली यावर विसंबणे त्याहून घातक, कारण पाहणे आणि दखल घेणे यांतला फरक वर दिसलाच आहे. थांबलेल्या मोटारीच्या पुढच्या चाकावर लक्ष ठेवावे. ती निघाली की चाक सर्वांत आधी सांगते. दोन बोटे पुढच्या ब्रेकवर तयार असावीत. हर्ट यांच्या पाहणीत बहुतेक स्वारांनी मागचा ब्रेक जोरात दाबून चाक घसरू दिले होते आणि पुढचा पुरेसा वापरलाच नव्हता; अपघातात सापडलेल्या स्वारांपैकी ९२ टक्के स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. आपल्याकडेही गाडी शिकवतो तो मोठा भाऊ, नाहीतर मामा.

भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली, त्यांत ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, पण ते टक्कर टाळत नाही. टक्कर टळते ती वेग कमी ठेवल्याने. कोरड्या रस्त्यावर, एका सेकंदात ब्रेक दाबला असे धरून, ताशी ६० वरून थांबायला सुमारे ४० मीटर लागतात. समोरच्याला एकटा दिवा जवळ येतोय हे कळते २९ मीटरवर. ताशी ४० ला हेच आकडे अनुक्रमे सुमारे २२ आणि २४ मीटर होतात. रात्री प्रत्येक चौकाआधी वेग ४० वर आणा.