धक्का ओसरतो, धास्ती राहते

२१ सप्टेंबर २०२०च्या पहाटे भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधली तीन मजली जिलानी इमारत झोपलेल्या कुटुंबांसकट कोसळली. अशा प्रसंगातून वाचलेला माणूस ‘नशीबवान’ ठरतो आणि त्याच्या मनाची विचारपूस तिथेच थांबते.

रस्त्यावरून जड ट्रक गेला, भांडी थरथरली, की तो दचकून दाराकडे धावतो. रात्री दिवा मालवू देत नाही. त्या गल्लीतून जाणं टाळतो, मुलांवर विनाकारण खेकसतो, कशातच रमत नाही. पहिले काही आठवडे हे साहजिक आहे. महिना उलटूनही त्रास टिकला आणि कामधंदा, नाती विस्कटू लागली, तर तो आघातोत्तर ताणविकार असू शकतो. मेंदूतलं अमिग्डाला हे धोक्याची सूचना देणारं केंद्र सतत जागं राहतं. आठवण भूतकाळात न जाता आत्ताच घडतेय असं वाटतं. याला भित्रेपणा म्हणणं अन्यायाचं आहे.

‘विसरून जा’ म्हणू नका. खोदून खोदून विचारूही नका. प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाकडे आघातकेंद्री वर्तनोपचार किंवा ईएमडीआर हा डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने होणारा उपचार घेता येतो. त्यात ती आठवण सुरक्षित वातावरणात हळूहळू हाताळली जाते. सर्ट्रालिनसारखी औषधंही मदत करतात. झोपेच्या गोळ्या मात्र मनाने सुरू करू नयेत. दारूने झोप लागते असं वाटतं, पण दुखणं चिघळतं.

सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आत्महत्येचे विचार बोलून दाखवले, तर माणसाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.