बेण्याची पारख जेलीवर



खोडव्यात जागोजागी गवतासारखी बारीक, पांढुरक्या पानांची बेटं दिसली, की जाणता शेतकरी म्हणतो, "गवताळ वाढ आली!" पण तोवर उशीर झालेला असतो. हा रोग करणारा फायटोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म जंतू वरून चांगल्या दिसणाऱ्या टिपरीतही दडून राहतो, आणि तेच बेणे आपण पुढच्या लागणीला नेतो. डोळ्यांना न दिसणारा हा चोर प्रयोगशाळेत कसा पकडतात, ते आज पाहू.

उसाच्या पानातून डी.एन.ए. काढतात. त्यात जंतूचा डी.एन.ए. असलाच तर अगदी थोडा. म्हणून पी.सी.आर. या पद्धतीने त्यातल्या एका ठरावीक तुकड्याच्या असंख्य नकला करतात. डी.एन.ए. ही पिळाची शिडी धरली, तर नेहमीच्या एका चाचणीत हा तुकडा सुमारे १२०० पायऱ्यांचा भरतो.

आता तो ओळखायचा कसा? समुद्रशेवाळापासून मिळणाऱ्या अ‍ॅगारोजची जेली करतात. आपल्या चायना ग्रासचेच हे भावंड. तिच्या एका कडेला खाचा ठेवून त्यांत नमुने भरतात, जेली क्षाराच्या पाण्यात बुडवतात आणि वीज सोडतात. डी.एन.ए.वर ऋण भार असतो, म्हणून तो धन टोकाकडे निघतो. मोठ्या तुकड्यावर भार जास्त, पण त्याला पाण्याचा अडथळाही तितकाच जास्त. त्यामुळे नुसत्या पाण्यात लहानमोठे सारे जवळजवळ एकाच चालीने गेले असते. त्यांना वेगळे करते ती जेली. दाट फडातून मुंगूस सुळकन पार होतं, रेडकू मात्र अडकत अडकत येतं, तसंच हे.

मग डी.एन.ए.ला चिकटणारा रंग देऊन अतिनील प्रकाशात पाहिले, की पट्टे चमकतात. शेजारच्या खाचेत ठाऊक मापाचे तुकडे असतात. त्यांच्याशी ताडून माप कळते. सोबत एक पक्का रोगी आणि एक पक्का निरोगी नमुनाही चालवतात. निरोगी नमुन्यातच पट्टा उमटला, तर चाचणीच बिघडली असे समजायचे.

मात्र एक ध्यानात ठेवा. पट्टा आला नाही, म्हणजे त्या नमुन्यात जंतू सापडला नाही, एवढेच. सगळ्या प्लॉटची ती हमी नव्हे. म्हणून बेणे खात्रीच्या बेणेमळ्यातलेच घ्या, रोगट बेट दिसताच मुळासकट उपटून नष्ट करा, आणि अशा प्लॉटमधले बेणे शेजाऱ्यालाही देऊ नका. चोर पकडणे प्रयोगशाळेचे काम. त्याला घरात न घेणे आपले.