दगडी वस्तू घडवणाऱ्यांची ओळखपुस्तिका : तिच्यात काय असावे?



मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात दगडी वस्तूंचा एक गाळा होता, तो पुष्कळांना आठवत असेल. पाटे-वरवंटे, खलबत्ते, सहाणा, तुळशीपुढे ठेवायचे दिवे. गाळा आपल्याच एका सभासद कुटुंबाचा. वडील आणि चुलते घडवतात, मुलगा पुण्यातली नोकरी सोडून आता विक्री बघतो. मेळावा आटोपल्यावर तो एक जाड इंग्रजी पुस्तिका घेऊन माझ्याकडे आला. "काका, तुमची सगळी हयात छापखान्यात गेली. जरा बघून सांगा, हे बरोबर आहे का?"

पुस्तिका बाहेरगावच्या एका संस्थेकडून पैसे मोजून करून घेतलेली होती. चाळीसच्या वर पाने, दिसायला सुरेख. पहिल्याच पानावर बोधचिन्ह : केसाएवढ्या बारीक रेघांची एक वेल, तिच्यात गुंफलेली इंग्रजी अक्षरे. वडील शेजारीच बसले होते. त्यांनी ते पान डोळ्यांजवळ नेले आणि विचारले, "हे टाकीनं कसं निघायचं ओ?"

मला वाटते, सगळा लेख त्या एका प्रश्नात आहे. तरी आपल्यात लहान-मोठे धंदे करणारी बरीच घरे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'ब्रँड आयडेंटिटी गाइडलाइन्स' म्हणजे काय, तर आपले नाव कसे लिहायचे, खूण कुठे उमटवायची, कोणता रंग, कोणते शब्द, फोटो कसे, आणि काय अजिबात करायचे नाही, हे एकदा ठरवून लिहून ठेवणे. मी तिला ओळखपुस्तिका म्हणतो. चार माणसांच्या धंद्याला ती कशाला, असे कोणालाही वाटेल. पण मोजून बघा. खोके छापणारा उद्यमबागेतला, पाटी रंगवणारा शहापुरातला, ऑनलाइन माहिती भरणारा भाचा, माल ठेवणारा गोव्यातला दुकानदार, आणि गिऱ्हाइकाला व्हॉट्सअॅपवर उत्तर देणारी सून. पाच हात, आणि तेच नाव पाच तऱ्हांनी लिहिलेले. तेव्हा पुस्तिका हवीच, फक्त आठ पानांची हवी आणि कारखान्यात जी भाषा बोलली जाते त्या भाषेत हवी.

खूण आधी दगडावर, मग कागदावर

एरवी बोधचिन्ह संगणकावर तयार होते आणि मग वस्तूवर चढवले जाते. दगडाच्या धंद्यात हा क्रम उलटा करावा. आम्ही तेच केले. वडिलांना काळ्या दगडाचा एक तुकडा दिला आणि म्हटले, आडनावाचे पहिले अक्षर तुम्हाला जमेल तसे, पाच-दहा मिनिटांत काढा. जे निघाले ते जाड, सरळ रेघांचे, एक कोपरा किंचित तुटका असे अक्षर होते. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली, तो ठसा घेतला आणि तेच बोधचिन्ह ठरवले. छापायच्या आवृत्तीतही तो तुटका कोपरा तसाच ठेवला.

मापे मात्र लिहून ठेवावी लागतात. आमच्या पुस्तिकेत अशी आहेत : दगडावर खाचेची रुंदी तीन मिलिमीटरपेक्षा कमी नको, अक्षराची उंची पंचवीस मिलिमीटरपेक्षा कमी नको. एवढी जागा नसेल, म्हणजे छोटा दिवा वगैरे, तर कोरूच नका, दोऱ्याने चिठ्ठी बांधा. खूण तळाला किंवा बाहेरच्या अंगाला, वाटायच्या पृष्ठभागावर कधीही नाही, कारण खाचेत मसाला अडकतो. खपटी खोक्यावर छापताना शाई पसरते. बारीक रेघ जाडावते आणि 'ष', 'क्ष' यांसारख्या अक्षरांची पोटे भरून जातात. म्हणून खोक्यावरची सर्वांत बारीक रेघ एक मिलिमीटरची. शाई एकच, काळी. तपकिरी खपटावर काळी शाई स्वस्त पडते आणि दगडाला शोभतेही.

दगडावर आपली खूण सोडणे ही काही आजची फॅशन नव्हे. आपल्याच राज्यात सोमनाथपूरच्या तेराव्या शतकातल्या होयसळ देवळात मल्लितम्म नावाच्या शिल्पकाराने मूर्तींच्या खाली आपले नाव कोरून ठेवले आहे. ते देऊळही शंखजिऱ्याच्या जातीच्या मऊ दगडाचे.

एक अवांतर. कुलदैवताचे नाव धंद्याला देण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि ती चांगलीच आहे. पण पाटा जमिनीवर असतो, त्याला पाय लागतो. देवाचे नाव किंवा चित्र वस्तूवर कोरायचे नाही, ते दुकानाच्या पाटीवर असू द्यावे, असे आम्ही स्पष्ट लिहिले. चुलत्यांना हे फार पटले.

दगडाचे खरे नाव

पुस्तिकेतली दोन पाने मी दगडालाच दिली, आणि माझ्या मते हीच पाने सर्वांत मोलाची. इंग्रजी पुस्तिकेत सगळ्या वस्तूंना 'नॅचरल ब्लॅक स्टोन' असे एकच नाव होते. आता घरात काळा दिसणारा दगड किमान तीन तऱ्हांचा असतो. आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून झालेला, कठीण. पाटा, खलबत्ता, जाते यांना तो उत्तम. पण त्यातही ज्यात बुडबुड्यांची भोके किंवा पांढरे ठिपके आहेत तो वाटायला घेऊ नये. ते ठिपके सुटून येतात आणि चटणीत कचकच लागते.

दुसरा कडप्पा. ओट्याला बसवतो तो. हा चुनखडीचा दगड. दिसायला काळाभोर, गुळगुळीत, घडवायलाही सोपा, म्हणून त्याचे खलबत्ते बाजारात येतात. पण लिंबू, चिंच, कोकम अशी आंबट वस्तू लागली की चुनखडीवर परिणाम होतो. शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला तर पांढरट डाग राहतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. तेच इथे होते. संगमरवराचेही तसेच. अशा दगडाचा खल वेलदोडे-मिरी कुटायला चालेल, चिंचेच्या चटणीला नाही. हे चिठ्ठीवर लिहिले नाही तर दोष गिऱ्हाइकाचा नव्हे, आपला.

तिसरे शंखजिरे, ज्याची भांडी चुलीवर ठेवता येतात. हा दगड नखानेही ओरखडता येतो इतका मऊ. उष्णता धरून ठेवतो, आमटी बराच वेळ गरम राहते. पण नवे भांडे थेट मोठ्या जाळावर ठेवले तर तडकते. आधी काही दिवस तेल-हळद लावून मुरवायचे, तांदळाचे धुवण भरून ठेवायचे, मग मंद आच. गरम भांड्यावर गार पाणी कधी ओतायचे नाही.

या मुलाला पहिल्या काही महिन्यांत भांडी तडकल्याच्या तक्रारी आल्या होत्या. तो दर वेळी पैसे परत देत होता, आणि वडील मनातून खचत होते. त्यांना वाटे, आपल्या हाताला काही झाले आहे का? चौकशी करता असे निघाले, की खोक्यात मुरवण्याची सूचनाच नव्हती. इंग्रजी पुस्तिकेत चिठ्ठीचा नमुना होता. कागद किती जाडीचा, दोरा कोणत्या रंगाचा, सगळे होते. भांडे कसे वापरायचे ते मात्र कुठेच नव्हते. आता चिठ्ठीच्या पाठीमागे तेच आधी आहे. पाट्याची सूचना निराळी : धुऊन भिजवलेले जाडे तांदूळ वाटायचे आणि टाकून द्यायचे. पीठ करडे न येता पांढरे आले की पाटा तयार.

त्यानंतर 'हाताने घडवलेले' या शब्दाचा प्रश्न. खाणीतून ठोकळा यंत्राच्या पात्याने कापून येतो, कच्चा आकार ग्राइंडरने काढतात, पुढचे सगळे हाताने. मुलगा म्हणाला, "हे लिहिलं तर गिऱ्हाईक जाईल." मी म्हटले, उलट राहील. आम्ही ठरवलेले वाक्य : 'यंत्राने कापलेला दगड, हाताने घडवलेला, हातानेच टाकी लावलेला.' 'शतकानुशतकांची परंपरा' हेही काढले. वडिलांना नावानिशी चार पिढ्या सांगता येतात, म्हणून 'चार पिढ्या' एवढेच. दगडात वाटलेले अन्न अमुक रोग बरा करते, असले दावे तर मुळीच नकोत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली उत्पादकाला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चटणी चांगली होते, एवढे खरे आहे आणि तेवढे पुरे.

दोन नग कधी एकसारखे नसतात. तेव्हा खलाचा व्यास '१५ सेंटिमीटर' असा छापू नये, '१४ ते १६' असा छापावा. रंगाची शीर, टाकीच्या ओळीतला कमी-जास्तपणा हा दोष नव्हे. चीर हा दोष. ठोकून पाहिल्यावर खणखणीत आवाज न येता बद्द आवाज आला, तर तो नग बाहेर जाणार नाही, हेही पुस्तिकेत आहे.

तीन लिप्या आणि आपले शब्द

बेळगावात हा विषय निघाला की आवाज चढतात, म्हणून सरळ कामाचे सांगतो. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के जागा कन्नडला, हा २०२४ पासून राज्याचा कायदा आहे. पाटी त्याप्रमाणेच करायची. बंद खोक्यावरचा कायदेशीर मजकूर, म्हणजे बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, नग, किंमत, महिना-वर्ष, तक्रारीसाठी संपर्क, हा २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे हिंदी किंवा इंग्रजीत हवा, आणि त्यासोबत इतर भाषा वापरायला मोकळीक आहे. म्हणजे मराठीला जागा आहे, ती आपणच सोडून देतो.

आम्ही वस्तूचे नाव तिन्ही लिप्यांत घेतले, पण इंग्रजीत भाषांतर न करता. 'मॉर्टर' म्हटले की खल, उखळ, रगडा सगळे एकाच पोत्यात जातात. सहाणेला तर इंग्रजीत धड शब्दच नाही. म्हणून रोमन लिपीतही 'सहाण' असेच, खाली एक ओळ खुलासा : चंदन आणि बाळगुटी उगाळण्याचा दगड. बंगळूरला वाढलेल्या आपल्या नातवंडांनाही या ओळीचा उपयोग होईल.

अक्षरांचे एक तांत्रिक सांगतो. देवनागरीला वर शिरोरेषा आणि मात्रा, कन्नडला खाली ओत्ताक्षरे. दोन्ही एकाच पॉइंटमध्ये लावली की एक लिपी मोठी आणि दुसरी दबलेली दिसते. डोळ्यांना सारखी दिसतील असे माप ठरवून ते लिहून ठेवा, आणि जागेत बसवण्यासाठी कोणतीही लिपी ताणू नका. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'अनेक' हा टंक देवनागरी, कन्नड आणि रोमन तिन्हींत एकाच वळणाचा आहे आणि फुकट मिळतो. आम्ही तोच घेतला.

फोटोंचे नियम थोडकेच. दगडाला तेल लावून फोटो काढला की तो काळाकुळकुळीत दिसतो, आणि घरी येतो तो राखाडी. फोटो कोरड्या दगडाचाच. शेजारी एक नारळ ठेवायचा, म्हणजे आकार न सांगता कळतो. आणि एक नियम माझ्या आग्रहाचा : धुळीच्या लोटात, उन्हाच्या तिरपीत घाव घालणाऱ्या कारागिराचा फोटो छापायचा नाही. दिसतो फार छान, पण ती धूळ छातीत जाते. बेसॉल्टमध्ये मोकळी सिलिका थोडी असते, वालुकाश्मात भरपूर, आणि तिच्यामुळे सिलिकोसिस होतो. राजस्थानात वालुकाश्माच्या खाणींतले किती कामगार त्याने खंगले! फोटो काढायचा तर तोंडाला मास्क लावलेला, पाणी मारून दगड ओला केलेला. फोटोसाठी मास्क आणला, आता चुलतेही रोज लावतात.

नावाची नोंदणी लवकर करावी. स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा वर्ग २१. एकट्या व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क साडेचार हजार रुपये, नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. 'दगडी भांडी', 'बेळगाव स्टोन' अशी नुसती वर्णन करणारी नावे सहसा मिळत नाहीत. अर्ज केल्यावर 'टीएम' लिहिता येते, वर्तुळातला 'आर' नोंदणी झाल्यावरच. आडनाव वापरायला लाजू नये. किर्लोस्कर हे नाव १८८८ साली याच बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरू झाले.

पुस्तिकेचे आठवे पान वडिलांनी सांगितले आणि मुलाने लिहून घेतले. पाटा वापरून गुळगुळीत झाला की परत आणा, पहिली टाकी आम्ही फुकट लावून देऊ. मुलाची अडचण खरी होती : हैदराबादच्या गिऱ्हाइकाने दहा किलोचा पाटा परत कसा पाठवायचा? पाठवणीलाच निम्मी किंमत जाईल. म्हणून आता तो कोणत्या गावात कोण अजून टाकी लावून देते याची यादी करतो आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि कोल्हापूरची नावे मिळाली आहेत. गोवा, हुबळी, सोलापूर, हैदराबाद, इंदूर इकडे आपल्यापैकी कोणाच्या गल्लीत असे कोणी येत असेल, तर त्यांना विचारून, त्यांची हरकत नसेल तर मंडळाच्या कार्यालयात कळवावे.