मोबाईलमधून होणारा माहितीचा प्रवास

शेतकऱ्याने योजनेचा अर्ज मोबाईलवर भरावा, एक-चौदाच्या उताऱ्याचे छायाचित्र जोडावे, 'सादर करा' ही कळ दाबावी आणि नेमक्या त्याच क्षणी रेंज जावी, असा प्रसंग डोंगराळ भागात सहज उद्भवू शकतो. अर्ज पोहोचला काय? तो पुन्हा पाठवावा काय? याचे उत्तर मिळण्यासाठी माहितीचा प्रवास कसा घडतो, हे समजून घेणे आवश्यक आहे.

जुन्या घराचे लाकडी छप्पर उतरवून दुसऱ्या गावी उभारावयाचे असल्यास कुशल सुतार प्रत्येक तुळईवर व वाशावर आकडा घालतो. लाकडे मागेपुढे पोहोचली तरी आकड्यांवरून छप्पर पूर्ववत उभे राहते. मोबाईलमध्येही हेच घडते. ॲपने सोपविलेले दहा लाख बाइटचे छायाचित्र सुमारे १,४०० बाइटच्या सातशेहून अधिक तुकड्यांत विभागले जाते. प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता आणि क्रम दर्शविणारा आकडा असतो. या तुकड्यास 'पॅकेट' असे म्हणतात. हे नाव ब्रिटनमधील संशोधक डोनाल्ड डेव्हिस यांनी १९६० च्या दशकात दिले. पॅकेटांच्या देवाणघेवाणीचे 'टीसीपी' नामक नियम व्हिंट सर्फ व रॉबर्ट कान यांनी १९७४ साली मांडले.

या नियमांनुसार, पॅकेटे मिळाली की घेणारे यंत्र उलट पोच देते. ठराविक वेळेत पोच न आल्यास ती पॅकेटे पुन्हा पाठविली जातात. मात्र येथे एक अडचण संभवते. पोच आली नाही, याचा अर्थ पॅकेट वाटेत गहाळ झाले असा होईलच असे नाही. पॅकेट पोहोचून केवळ पोचच गहाळ झालेली असू शकते. पाठविणाऱ्यास हा भेद कळत नाही. म्हणूनच उत्तम ॲप प्रत्येक अर्जास किंवा रक्कम पाठविण्याच्या विनंतीस स्वतंत्र क्रमांक देते. तीच विनंती दुसऱ्यांदा आल्यास कार्यालयाचे यंत्र क्रमांकावरून ती ओळखते व दुबार नोंद करीत नाही. परंतु ग्राहकाने नव्याने रक्कम भरल्यास तिला नवा क्रमांक मिळतो आणि पैसे दोनदा जाऊ शकतात.

संभाषणाची रीत मात्र निराळी आहे. इंटरनेटवरून बोलताना हरवलेले पॅकेट सहसा पुन्हा मागविले जात नाही, कारण उशिरा आलेला शब्द निरुपयोगी ठरतो. आवाज मध्येच तुटतो तो यामुळे.

यावरून नागरिकांनी पुढील दक्षता घ्यावी. अर्जाचा क्रमांक पडद्यावर दिसेपर्यंत अर्ज दाखल झाला असे समजू नये. रेंज कमी असल्यास छायाचित्राचा आकार लहान करावा, म्हणजे पॅकेटे कमी लागतात. यूपीआयद्वारे पैसे भरताना उत्तर न आल्यास प्रथम व्यवहारांची यादी व बँकेतील शिल्लक तपासावी. खात्यातून रक्कम वजा होऊन दुसऱ्या व्यक्तीच्या खात्यात जमा न झाल्यास ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत करावी, असे रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात म्हटले आहे.

शिक्षकांनी व ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांनी ही गोष्ट गावोगाव समजावून सांगितल्यास अनेकांचा पैसा व हेलपाटा वाचेल.