फ्रान्सच्या खेड्यात अकरा जण: घर निवडायचं कसं?

मागच्या भागात आमच्या दोर्दोन्यच्या सहलीचा नुसता उल्लेख केला, आणि सगळ्यात जास्त विचारणा झाली ती एकाच गोष्टीची: राहिलात कुठे, आणि ते ठरवलंत कसं? म्हणून आजचा अख्खा भाग त्यावरच. नेहमीप्रमाणे बोललेलं थोडं नीट करून इथे लिहितोय.

आधी माणसं सांगतो, कारण घर माणसांवरून ठरतं. आम्ही अकरा जण. मी आणि बायको, माझी आई (वय ७१, दोन्ही गुडघे कुरकुरणारे), पुण्याचं एक मित्र-जोडपं आणि त्यांची दोन मुलं, श्टुटगार्टहून चुलत भाऊ आणि वहिनी, लंडनहून एक मैत्रीण, आणि आमचा एक कॉलेजचा मित्र, ज्याची नोकरी सहलीच्या तीन महिने आधी गेली. या यादीतल्या दोन माणसांभोवती सगळा निर्णय फिरला: आई आणि हा मित्र. बाकीच्यांना कुठेही झोपवलं असतं तरी चाललं असतं.

दोर्दोन्य म्हणजे नैऋत्य फ्रान्स. पॅरिसहून वेगवान गाडीने बोर्डोपर्यंत दोन तासांच्या थोडं वर, तिथून सार्ला गावापर्यंत स्थानिक रेल्वे किंवा भाड्याची गाडी. नदीकाठचे कडे, त्यावर किल्ले, आणि जवळच लास्कोची गुहा. मूळ गुहा १९६३ पासून लोकांसाठी बंद आहे, आपण बघतो ती प्रतिकृती. पण फिरण्याबद्दल आज नाही.

राहायच्या जागांचे तिथे मोठे प्रकार तीन. पहिला 'झीत', म्हणजे स्वयंपाकघरासकट अख्खं घर भाड्याने. १९५५ पासून 'झीत द फ्रान्स' नावाची संघटना अशी घरं तपासून नोंदवते आणि ताऱ्यांऐवजी गव्हाच्या ओंब्या देते, एक ते पाच. ओंब्या वाढतात त्या मुख्यतः सोयी-सुविधांवर. घर किती सुंदर किंवा गाव किती छान, ते ओंबीवरून कळत नाही. दुसरा प्रकार 'शाँब्र दोत'. मालकाच्याच घरातल्या खोल्या, सकाळचा नाश्ता भाड्यातच. कायद्याने जास्तीत जास्त पाच खोल्या आणि पंधरा माणसं. काही ठिकाणी रात्री मालकाबरोबर एकाच टेबलावर जेवणही मिळतं, त्याला 'ताब्ल दोत' म्हणतात. दोन जोडपी असाल तर डोळे मिटून हेच घ्या. अकरा जणांना मात्र रात्री अकरा वाजता पत्ते खेळत आरडाओरडा करायचा असतो, आणि मालक भिंतीपलीकडे झोपलेला असतो. तिसरा प्रकार कॅम्पिंग. तंबूच लागतो असं नाही, तिथे चार-सहा जणांची तयार फिरती घरं रांगेने उभी असतात, त्यांना 'मोबिल-ओम' म्हणतात. तिशीच्या आतला सगळा ग्रुप असेल आणि पैसे मोजून असतील, तर माझं मत सरळ याला. आम्हाला आईमुळे ते जमणारं नव्हतं.

म्हणजे झीत. आता खरी गंमत जाहिरात वाचण्यात आहे.

'कुशाज' हा शब्द आधी शोधा. म्हणजे झोपायच्या जागा. '१२ कुशाज' वाचून आपल्याला वाटतं सहा खोल्या. प्रत्यक्षात चार खोल्या असतात, एका पोटमाळ्यावर दोन गाद्या, आणि उरलेले दोघं बैठकीतल्या उघडणाऱ्या सोफ्यावर. म्हणून आकडा सोडा, खोल्या आणि पलंग मोजा. पलंगाची रुंदी पण बघा. जुन्या घरांत डबल बेड १४० सेंटीमीटरचा असतो, आपल्या सवयीला तो अरुंदच.

'प्लँ-प्ये' म्हणजे सगळं एका पातळीवर, जिने नाहीत. घरात कोणाचे गुडघे दुखत असतील तर हा शब्द सोन्याचा आहे. याच्या उलट 'एस्कालिए द मनिए', म्हणजे पिठाच्या गिरणीतला जिना. फोटोत फार गोड दिसतो. प्रत्यक्षात ती जवळपास शिडीच असते, रात्री उठून उतरायची तर मोबाईलचा टॉर्च दातात धरावा लागेल अशी.

न्हाणीघरात 'साल दो' असेल तर शॉवर, 'साल द बँ' असेल तर टब. संडास बऱ्याचदा वेगळा असतो, ते आपल्याला बरंच. पण अकरा जणांना एकच संडास असेल तर सकाळी घरात चाळ होते. गरम पाणीही विचारा. जुन्या घरांत विजेची एकच टाकी असते, ती संपली की पुन्हा तापायला वेळ लागतो. आणि हो, बादली, मग, जेट स्प्रे यातलं काहीही नसतं. एक प्लॅस्टिकचा मग बॅगेत टाका, बाकी मी बोलत नाही.

पत्त्यात 'लियू-दी' दिसलं तर थांबा. याचा अर्थ त्या जागेला नाव आहे, पण बहुधा रस्ता-नंबर असं काही नाही. म्हणजे शेतातलं एकटं घर किंवा दोन-चार घरांची वाडी. जाहिरात म्हणते 'दुकानं ५ मिनिटांवर'. ती पाच मिनिटं गाडीची, चालत तास जाईल. मी प्रत्येक घर नकाशावर उपग्रहाच्या चित्रात बघितलं आणि तिथून जवळच्या पावाच्या दुकानापर्यंत चालत किती वेळ लागतो ते काढलं. याला काही अक्कल लागत नाही, पण यादीतली निम्मी घरं तिथेच गळली.

शेवटी दोन घरं उरली. पहिलं म्हणजे टेकडीवरचं दगडी शेतघर, पोहण्याचा तलाव, अक्रोडाची झाडं, फोटो असे की ग्रुपवर नुसते हार्ट पडले. सगळ्या खोल्या वर. पाव नऊ किलोमीटरवर. दुसरं एका गावाच्या कडेला, तलाव नाही, अंगण बेताचं, दर्शनी बाजू अगदीच साधी. पण तळमजल्यावर एक खोली आणि शॉवर, आणि पावाचं दुकान चालत सहा मिनिटं.

मुलं अर्थातच तलावाच्या बाजूने. त्यांचे आईबाबाही. पण आम्ही जाणार होतो मे महिन्यात, आपल्या शाळांच्या सुट्टीत. फ्रान्सची खरी सुट्टी जुलै-ऑगस्टची, तेव्हा झीत शनिवार ते शनिवार अशीच मिळते आणि भाडं चढतं. मे महिन्यात भाडं उतरलेलं असतं, वारही थोडे इकडे-तिकडे करता येतात. पण तलावाचं पाणी गार असतं! तो 'शोफे', म्हणजे तापवलेला आहे असं लिहिलेलं नसेल तर मे महिन्यात तो फक्त बघायचा. दगडी घरंही मे महिन्यात रात्री थंड पडतात, तेव्हा हीटिंग भाड्यात आहे की वेगळं, हे विचारून घ्या.

माझा मुद्दा मात्र तलावाचा नव्हताच. मी ग्रुपवर एकच प्रश्न टाकला: ज्याला गाडी चालवता येत नाही त्याचा आठवडा कसा जाईल? खेड्यात बस नावाला असते. ॲपवरून टॅक्सी येईल हे गृहीत धरू नका. आमच्यात चालवणारे तिघं. भारतातून जाणाऱ्यांनी आपल्या लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना न्यावा, आरटीओतून मिळतो. तिथे गाडी उजवीकडून, गिअर बहुतेक हाताचे, ऑटोमॅटिक महाग. पंचविशीच्या आतल्यांना भाड्याच्या गाडीवर बहुधा जादा पैसे पडतात. म्हणजे टेकडीवरच्या घरात आठ माणसं तिघांच्या मर्जीवर, आणि आई तर पूर्णच. तिला काय हवंय ती कधी सांगणार नाही, 'माझं काय, तुम्ही फिरा' म्हणेल आणि दिवसभर खिडकीशी बसेल. हे मला आधीच दिसत होतं.

यावर वहिनी म्हणाली, "काकू रोज सकाळी एकट्या बाहेर पडू शकतील असं घर घ्या, नाहीतर त्यांना पुण्यातच राहू द्या." तिथे विषय मिटला. साधं घर ठरलं. मुलांना नदीतल्या होडीचं आमिष दाखवलं.

आता पैसे. आठवड्याचं भाडं १,९८० युरो. अकराने भागलं तर माणशी १८०. आमच्या मित्राने वेगळा मेसेज करून कळवलं की तो येत नाहीये, ऑफिसचं कारण. ऑफिस नव्हतंच, हे सगळ्यांना माहीत. त्याचे पैसे आम्ही भरू म्हटलं असतं तर तो आयुष्यात आमच्याबरोबर आला नसता, आणि बरोबरच आहे त्याचं.

मग आम्ही माणशी हिशोब सोडला आणि खाटेवर हिशोब लावला. नावं घालायच्या आधी. तीन डबल बेडच्या खोल्या प्रत्येकी ४००. तळमजल्याची दोन पलंगांची खोली ४४०, कारण सगळ्यात सोयीची तीच. दुमजली पलंगाची छोटी खोली २४०. बैठकीतला सोफा १००. बेरीज करून बघा, १,९८०च होते. सोफा स्वस्त का? कारण त्यावर झोपणाऱ्याला शेवटचा माणूस वर जाईपर्यंत आडवं होता येत नाही, आणि सकाळी पहिला चहा करणारा त्याच्या उशाशी भांडी वाजवतो. ही सवलत दयेची नाही, गैरसोयीची किंमत आहे. दर ग्रुपवर टाकले आणि म्हटलं ज्याला जे परवडेल ते घ्या. दोन मिनिटांत उत्तर आलं: "सोफा माझा. कोणी बोलायचं नाही." तळमजल्यावर आई आणि लंडनची मैत्रीण. लहान खोली मुलांची.

टीटीएमएम मला मान्य आहे, पण 'सगळ्यांना सारखं' म्हणजे न्याय असं नाही, हे माझं मत. ज्यांचा पगार युरोत आहे आणि ज्यांचा रुपयांत, त्यांना १८० हा आकडा सारखा दिसतच नाही.

भाड्याच्या वर काय काय लागतं ते झटपट. चादरी-टॉवेल बऱ्याचदा वेगळे. शेवटची साफसफाई वेगळी, किंवा स्वतः करून निघायचं. माणशी दररात्री पर्यटन कर, अठराच्या आतल्यांना माफ. आणि 'कोसियाँ', म्हणजे मोडतोडीची अनामत, ती परत मिळते.

एक गोष्ट मात्र सावकाश ऐका. बुकिंगला आधी जे पैसे देता त्याला करारात दोन शब्द असू शकतात. 'आर' लिहिलं असेल तर तुम्ही रद्द केल्यावर तेवढेच पैसे जातात, आणि मालकाने रद्द केलं तर त्याने दुप्पट परत द्यायचे. 'आकाँत' असेल तर व्यवहार पक्का, रद्द केलंत तरी पूर्ण भाडं मागितलं जाऊ शकतं. आपल्याला याचं महत्त्व जास्त, कारण शेंगेन व्हिसाच्या फाईलला राहण्याचा पुरावा आधी लागतो आणि व्हिसा मिळेल की नाही ते नंतर कळतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मी मालकिणीला आधीच लिहिलं: व्हिसा नाकारला गेला तर काय? तिने करारात तेवढी ओळ घातली. शिवाय करार माझ्या एकट्याच्या नावाने होता, म्हणून भारतातून येणाऱ्या सगळ्यांची नावं आणि तारखा असलेलं पत्रही मागून घेतलं.

स्वयंपाकघर! शाकाहारी मंडळी, त्या भागात बदकाचं राज्य आहे. सार्लाचे प्रसिद्ध बटाटेसुद्धा बदकाच्या चरबीत परततात, तेव्हा 'फक्त बटाटे' म्हणून निश्चिंत राहू नका. आमच्यात चौघं शाकाहारी, म्हणून एक वेळ घरी जेवायचं हे ठरलेलंच. शेगडी इंडक्शनची आहे का ते फोटोत बघा, साधा ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर चालत नाही. आणि दूध-दुभत्याचे पदार्थ भारतातून युरोपात नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, चक्का घरीच ठेवा. तूप आम्ही तिथेच कढवलं. 'बर दू', म्हणजे बिनमिठाचं लोणी घ्यायचं, 'दमी-सेल' घेतलंत तर खारट तूप होईल. आईच्या मते ते तूप चितळ्यांच्या तोडीचं होतं, पण ती सुट्टीवर होती.

दुकानं दुपारी बारा ते दोन बंद असू शकतात, रविवारी दुपारनंतर तर बहुतेक सगळंच बंद. शनिवारी संध्याकाळी पोचणार असाल तर डाळ-तांदूळ बरोबर हवेत. सार्लाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो.

आई रोज सकाळी आठला पिशवी घेऊन निघायची. 'बाँजूर' हा एक शब्द आणि बोटांनी आकडा, एवढ्यावर चार बागेत घेऊन यायची. तिसऱ्या दिवशी दुकान बंद होतं, आठवड्याची सुट्टी. तर ती तशीच पुढे चर्चपर्यंत जाऊन, बाकावर बसून, एका आजीबाईंशी मराठीत गप्पा मारून आली. काय बोललात विचारलं तर म्हणे, "गुडघ्यांबद्दल."

पुढच्या भागात व्हिसाच्या फाईलबद्दल, कागद कोणत्या क्रमाने लावायचे तिथपासून. चला, भेटू.