एका बोटावर उभा घोडा

तंजावरहून दक्षिणेला पट्टुकोट्टैच्या वाटेनं गेलं, की ओरत्तनाडु लागतं. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी आपली प्रिया मुक्तांबाळ हिच्या नावानं बांधलेलं छत्र तिथं आहे. वाटसरूंना त्यात जेवण आणि आसरा मिळे. मराठी बोलणारा हा राजा मोठा चौकस. त्याच्या धन्वंतरी महालात माणसांच्या औषधांबरोबर जनावरांच्या औषधांचीही पारख होई. त्याच्या सरस्वती महाल ग्रंथालयात नकुलाच्या नावावरचं अश्वशास्त्र आजही जपलंय. नकुल कोण? विराटाच्या पागेत ग्रंथिक होऊन राहिला, तोच! आणि २०१२पासून ओरत्तनाडुत सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. म्हटलं, घोड्याच्या पायाची गोष्ट सांगायला हेच गाव बरं.

आता तुमचं मधलं बोट वर करा. घोडा एवढ्यावर उभा असतो! प्रत्येक पायाला एकच बोट, आणि खूर हे त्याचं नख. पुढच्या पायाचा गुडघा म्हणतो ना आपण, ते खरं त्याचं मनगट. त्याच्याखाली मांसल स्नायू जवळजवळ नाहीतच. हाडं, कंडरा आणि कातडी. पाय हलका राहतो, म्हणून घोडा वाऱ्यासारखा पळतो. धावताना कंडरा ताणली जाते, आखडते आणि इतकी तापते, की तिच्या गाभ्यात ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापमान मोजलं गेलं आहे.

पण या हलकेपणाची किंमत मोजावी लागते. कंडरेला रक्तपुरवठा बेताचा. ती फाटली, तर भरून यायला नऊ महिने, कधी वर्षही लागतं. मग करायचं काय? सुरुवातीला गार पाण्याची धार, बर्फ आणि नीट बांधलेली पट्टी, म्हणजे सूज आटोक्यात राहते. हल्ली लेसर आहे, अल्ट्रासाउंड आहे, कंपनलहरी आहेत. यंत्रं चकचकीत, पण सगळ्यांच्या गुणाचा पुरावा सारखा भक्कम नाही. मी तर आधी पाण्याची नळी सोडीन.

त्यानंतरचं औषध म्हणजे चालणं. खुराच्या तळाशी त्रिकोणी, लवचिक उंचवटा असतो. पाऊल टेकलं की आतल्या शिरांवर दाब येतो आणि भिजला स्पंज पिळावा तसं रक्त वर ढकललं जातं. नुसता ठाणबंद घोडा म्हणजे हा पंप बंद.

खुराच्या आत आणखी एक नवल आहे. खुराची भिंत आणि आतलं हाड यांना ५५० ते ६०० नाजूक पापुद्रे एकमेकांत गुंतून धरून ठेवतात. चार-पाचशे किलोचा देह त्यांच्यावर जणू टांगलेला! धान्याच्या कोठीत तोंड घालून घोड्यानं अति खाल्लं, तर हे पापुद्रे सुजून सुटू लागतात. ऑस्ट्रेलियातल्या क्रिस्टोफर पॉलिट यांनी दाखवून दिलं, की धोका ओळखून पाय आधीच बर्फात ठेवले तर हे नुकसान बरंच टळतं. एकदोन तास नव्हे हं, रात्रंदिवस! आपण दोन मिनिटांत पाय काढून घेऊ. घोडा मात्र बर्फात निवांत उभा राहतो.

कंडरा दुखावलेल्या घोड्याला मात्र निवांतपणा मानवत नाही. ठणका थांबला, की त्याला वाटतं आपण बरे झालो. आतली कंडरा अजून कच्चीच असते. म्हणून कित्येक आठवडे मोतद्दार दोर धरून त्याला रोज थोडं थोडं चालवतो, वेळ हळूहळू वाढवतो, आणि दुडक्या चालीची परवानगी डॉक्टर सोनोग्राफीत कंडरा बघून मगच देतात.