गेममधल्या डंजनमध्ये तासन्‌तास भटकायला मजा का येते?

डंजन म्हणजे मुळात किल्ल्यातली अंधारकोठडी. व्हिडिओ गेममध्ये मात्र खोल्या, बोळ, कुलपं, सापळे आणि शत्रू असलेल्या कुठल्याही बंदिस्त जागेला डंजन म्हणतात. मग ती गुहा असो, मंदिर असो की पडका वाडा. शेवटी पेटीत तलवार किंवा सोनं मिळतं. पण तेवढ्यासाठी कुणी रात्र रात्र अंधारात चाचपडत बसत नाही.

मग मिळतं काय? २०११ साली आलेल्या 'डार्क सोल्स' या जपानी गेममध्ये याचं उत्तर सापडतं.

या गेममध्ये नकाशा नाही. 'फायरलिंक श्राइन' या पडक्या ठिकाणाहून निघालेला खेळाडू चढत चढत एका ओसाड वस्तीत पोहोचतो. वाटेत शेकोट्या लागतात. तिथे विसावलं की जखमा भरून येतात, पण मारलेले बहुतेक शत्रूही पुन्हा उभे राहतात. खेळाडू मेला तर त्याने कमावलेले 'सोल्स' मेल्या जागीच पडतात. ते परत आणायला जाताना पुन्हा मेला, तर ते कायमचे गेले. त्यामुळे पुढचं वळण घ्यायचं की मागे फिरायचं, हा प्रश्न पावलोपावली खरा असतो.

वस्तीच्या पुढे एक चर्च आहे आणि त्यात एक लिफ्ट. ती खाली जाते, बरीच खाली, आणि थांबते तेव्हा खेळाडू पुन्हा फायरलिंकलाच आलेला असतो! जीव मुठीत धरून काढलेली वाट आता काही सेकंदांची झाली. तलवार नाही, सोनं नाही, तरी अनेक खेळाडूंना हाच क्षण आठवतो. कारण दूर वाटलेल्या दोन जागा एकमेकींच्या वर-खाली आहेत, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. नकाशा डोक्यात तयार होत असतो आणि तो त्या क्षणी जुळतो.

यात एक मेख आहे. गेमच्या साधारण पहिल्या निम्म्या भागात एका शेकोटीवरून दुसरीवर थेट उडी मारता येत नाही. ती सोय सुरुवातीपासून असती, तर या लिफ्टची किंमत शून्य झाली असती.

'स्कायरिम'मध्ये हीच गंमत छोट्या प्रमाणात आहे. सुरुवातीच्या एका डंजनमध्ये तीन कड्यांचं दार अडवतं. कड्यांवरची चित्रं कुठल्या क्रमाने लावायची, ते खेळाडूच्याच सामानातल्या सोन्याच्या पंजावर कोरलेलं असतं. पंजा हातात फिरवून बघायला मात्र सुचलं पाहिजे.

पण डोकं लावायला लावणं आणि छळणं यात फरक आहे. १९९८ च्या 'झेल्डा: ऑकारिना ऑफ टाइम'मधलं जलमंदिर यासाठी बदनाम आहे. पाण्याची पातळी तीन टप्प्यांत बदलायची, कुठल्या पातळीला कुठली वाट उघडते ते लक्षात ठेवायचं. कल्पना झकास! पण तळाशी जायला लोखंडी बूट लागत, आणि ते घालताना-काढताना दर वेळी खेळ थांबवून मेनू उघडावा लागे. खेळाडू वैतागत ते कोड्यापेक्षा या बुटांना.

२०११ मध्ये निन्टेन्डोने हा गेम थ्रीडीएसवर पुन्हा आणला, तेव्हा बूट एका बटणावर आले आणि पाण्याची पातळी बदलायच्या जागांकडे नेणाऱ्या रंगीत रेषा भिंतींवर उमटल्या. कोडी तीच ठेवली.